शिंगीच्या पोटातले लाल कृमी

शिंगी किंवा मागूर साफ करताना पोट चिरले जाते, आतडे ओढून काढले जाते आणि कचऱ्यात टाकले जाते. ते उघडून पाहण्याचे कोणाला कारण नसते. उघडले, तर जठराच्या आणि आतड्याच्या आतल्या अस्तराला चिकटलेले लालसर धागे पुष्कळदा दिसतात. लांबी सेंटिमीटरभर, कधी त्याहून थोडी अधिक. मासा ताजा असेल तर ते वळवळतात. हे गोलकृमी आहेत, आणि त्यांचा लाल रंग त्यांनी प्यालेल्या माशाच्या रक्ताचा आहे. प्राणिशास्त्रात त्यांच्या कुळाला कॅमॅलॅनिडी म्हणतात. त्या कुळातला प्रोकॅमॅलॅनस हा वंश आपल्याकडच्या बिनखवल्याच्या माशांत, विशेषतः शिंगी आणि मागूर यांत, सर्रास आढळतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी. हा कृमी मासा खाणाऱ्या माणसाला होत नाही. तो माशाच्या आतड्यात राहतो, आतडे आपण टाकून देतो, आणि उरलेला मासा आपण रस्सा करून किंवा तळून, नीट शिजवून खातो. मासा खाऊ नका असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही. मला काळजी वेगळ्या गोष्टीची वाटते. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपण गोड्या पाण्यातले मासे ज्या रीतीने दाटीने वाढवू लागलो, राज्याराज्यांतून हलवू लागलो आणि जे मिळेल ते त्यांना खाऊ घालू लागलो, त्याने या कृमींना हवी तशी परिस्थिती तयार झाली आहे. ते वाढत आहेत की घटत आहेत, हे मोजण्याची सवय मात्र आपण लावून घेतलेली नाही.

या कृमीचा जीवनक्रम समजल्याशिवाय धोका कुठे आहे ते कळत नाही. मादी अंडी घालत नाही. तिच्या गर्भाशयातच अंडी फुटतात आणि सूक्ष्म अळ्या माशाच्या विष्ठेबरोबर पाण्यात येतात. तिथे त्या तळाशी पडून सतत वळवळत राहतात. ही हालचाल सायक्लॉप्सला भक्ष्याची वाटते. सायक्लॉप्स म्हणजे तळ्याच्या, विहिरीच्या पाण्यात झटके देत पोहणारा, टाचणीच्या टोकाएवढा कवचधारी जीव. तो अळी गिळतो. अळी त्याचे आतडे भेदून शरीराच्या पोकळीत शिरते, दोनदा कात टाकते, आणि आपल्याकडच्या उष्ण पाण्यात साधारण दोन आठवड्यांच्या आत माशाला बाधा करण्याजोगी होते. मग असा सायक्लॉप्स माशाच्या पिल्लाने खाल्ला की चक्र पूर्ण झाले. बंगालमधल्या संशोधकांनी शिंगीतल्या कृमीची सायक्लॉप्समधली ही वाढ टप्प्याटप्प्याने पाहून १९८६ साली तिचा तपशील प्रसिद्ध केला आहे. म्हणजे वाट कोणती, हे कोडे राहिलेले नाही.

सायक्लॉप्सचे नाव वाचून जुन्या पिढीतल्या वाचकांना नारू आठवला असेल. पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर पडायचा, काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा ओढावा लागायचा. तोही याच सायक्लॉप्समधून माणसात येई. पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी भरणाऱ्याच्या जखमेतून अळ्या पाण्यात पडत, सायक्लॉप्स त्या गिळत, आणि ते पाणी न गाळता पिणाऱ्याला वर्षभराने नारू होई. नारूचा जंत आणि शिंगीतला लाल कृमी हे एकाच उपगणातले जवळचे नातलग आहेत.

हे नाते विज्ञानाच्या इतिहासात फार महत्त्वाचे ठरले आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ ल्यूकार्ट यांनी पर्च नावाच्या युरोपीय माशाच्या आतड्यातल्या कॅमॅलॅनस कृमीची अळी सायक्लॉप्समध्ये वाढते, हे दाखवले होते. रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेंको मध्य आशियात निघाले, तेव्हा नारूची अळी या माशातल्या कृमीच्या अळीसारखीच दिसते, म्हणून तीही सायक्लॉप्समध्येच शोधावी, ही दिशा त्यांना ल्यूकार्टकडून मिळाली. १८७०च्या सुमारास फेडचेंको यांनी नारूची अळी सायक्लॉप्समध्ये शिरताना प्रत्यक्ष पाहिली. आपल्याकडच्या तळ्यांत सापडणाऱ्या सायक्लॉप्सच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात आजही ल्यूकार्ट आहेत. भारतात पुढे शंभराहून अधिक वर्षांनी जी नारू निर्मूलन मोहीम झाली, कापडाने पाणी गाळणे, विहिरींत सायक्लॉप्स मारणारे टेमेफॉस टाकणे, पायऱ्या बंद करणे, ती सारी या एका निरीक्षणावर उभी होती. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होते. माणसाचा एक जुना रोग संपवण्याची किल्ली एका माशाच्या आतड्यात सापडली, हे माशांच्या कृमींचा अभ्यास बिनमहत्त्वाचा समजणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे मला कळकळीने वाटते.

आता आजच्या तळ्यांकडे येऊ.

भंडारा-गोंदियाच्या जुन्या मालगुजारी तलावांत किंवा नदीच्या डोहात शिंगी, मागूर, शिवडा हे मासे शेकडो वर्षे या कृमींसह जगत आले. तिथे पाणी मोठे, मासे विरळ, जाती अनेक. अळी पाण्यात पडली तरी तिला सायक्लॉप्स मिळेलच असे नाही, आणि तो सायक्लॉप्स योग्य जातीच्या माशाच्याच पोटात जाईल असेही नाही. बहुतेक अळ्या वाया जातात. धीवरांच्या जाळ्यात येणाऱ्या माशात दोनचार कृमी सापडावेत आणि मासा धडधाकट असावा, ही तिथली नेहमीची गोष्ट.

शेततळ्यात हे सगळे गणित बदलते. महाराष्ट्रात २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आली. २०२० साली केंद्राने प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना सुरू केली, तिचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. शेततळी, बायोफ्लॉकच्या टाक्या, धरणांतले पिंजरे या सगळ्यांत मासे वाढवण्याला प्रोत्साहन मिळाले, आणि ते चांगलेच झाले. कोरडवाहू शेतकऱ्याला तळ्यातून दुसरे उत्पन्न मिळत असेल तर त्याला नाके मुरडण्याचे कारण नाही. पण दाटी वाढली की सोडलेली प्रत्येक अळी पुढच्या माशापर्यंत पोहोचण्याची शक्यताही वाढते. लहानशा पाण्यात एकाच जातीचे, एकाच वयाचे मासे, वर्षानुवर्षे त्याच तळ्यात. परजीवीच्या दृष्टीने याहून सोयीची व्यवस्था नाही.

त्यात शिंगी आणि मागूर यांची एक खासियत अडचणीची ठरते. हे मासे कल्ल्यांखेरीज एका वेगळ्या श्वसनेंद्रियानेही श्वास घेतात, पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात. म्हणूनच ते गढूळ, कमी प्राणवायूच्या पाण्यात तगतात आणि म्हणूनच दाटीच्या पालनाला निवडले जातात. रोहू-कटल्याच्या तळ्यात पाणी बिघडले की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडू लागतात, शेतकरी सावध होतो. शिंगीच्या तळ्यात तो इशारा मिळत नाही, कारण ती रोजच वर येते. पाणी किती बिघडले, तळाशी किती विष्ठा साचली, हे बाहेरून कळेपर्यंत फार उशीर झालेला असतो. पोटात कृमी असलेला मासा एकदम मरतही नाही. तो खाद्य खातो पण भरत नाही, कल्ले फिकट पडतात, आतड्याच्या अस्तराला जखमा होतात आणि त्या जखमांतून जिवाणू शिरतात. शेवटी मासे मेले की दोष जिवाणूला दिला जातो. कित्येकदा खाद्याच्या दर्जालाही. जखम कोणी केली, हे कोणी विचारत नाही.

तळ्यात शेण टाकण्याची जुनी पद्धतही इथे तपासून घ्यावी लागेल. शेण टाकले की प्राणिप्लवक वाढते आणि तेच मत्स्यजिऱ्यांचे पहिले अन्न असते. ही पद्धत शास्त्रशुद्ध आहे, शासकीय पुस्तिकांत सांगितलेली आहे. पण त्या प्राणिप्लवकात सायक्लॉप्सही असतो. बाधित मोठे मासे ज्या तळ्यात होते, तिथेच तळ न वाळवता, चुना न मारता पुन्हा जिरे सोडले, तर त्या पिल्लांच्या पहिल्या घासातच कृमी येऊ शकतो. तळे वाळवल्यानेही सायक्लॉप्स पूर्ण संपत नाही, काही जाती चिखलात सुप्तावस्थेत राहतात. पण संख्या नक्कीच घटते, आणि परजीवीच्या बाबतीत संख्या घटवणे हेच मोठे काम असते.

उलट बाजूही मांडली पाहिजे. प्लास्टिकचे अस्तर असलेल्या, फक्त कारखान्यातले गोळीखाद्य दिल्या जाणाऱ्या आणि निरोगी बीज सोडलेल्या टाकीत हे चक्र तुटण्याची शक्यता बरीच आहे, कारण सायक्लॉप्स कमी आणि माशाला तो खाण्याची गरजही कमी. तेव्हा नवी पद्धत म्हणजे रोग आणि जुनी म्हणजे आरोग्य, अशी सरळ वाटणी इथे करता येणार नाही. अडचण आहे ती अर्ध्या-अर्ध्या पद्धतीची: दाटी नवी, पाणी जुने, बीज बाहेरचे, तपासणी शून्य, खाद्य म्हणून कोंबडीचे आतडे आणि तळाशी वीतभर गाळ. दुर्दैवाने आपल्याकडे हीच पद्धत सर्वांत स्वस्त आहे.

सायक्लॉप्स नसला म्हणजे आपण सुटलो, या समजुतीलाही एका नातलग कृमीने तडा दिला आहे. कॅमॅलॅनस कॉटी हा मूळ पूर्व आशियातला कृमी शोभेच्या माशांबरोबर जगभर गेला. गप्पीच्या गुदद्वारातून बाहेर डोकावणारे लाल धागे काचेच्या टाकीत मासे पाळणाऱ्या अनेकांनी पाहिलेले असतात, ते बहुधा याचेच. २००२ साली नॉर्वेतल्या संशोधकांनी दाखवले की हा कृमी सायक्लॉप्स नसलेल्या टाकीतही एका माशातून दुसऱ्या माशात थेट जाऊ शकतो आणि पिढ्यान्पिढ्या टिकू शकतो. शिंगीतला कृमी असे करतो, असे मी म्हणत नाही. पण एकाच कुळातल्या एका जातीला बंद, दाट पाण्यात वाट बदलता येते हे सिद्ध झालेले असताना बाकीच्या जातींबद्दल निश्चिंत राहणे हा शहाणपणा नव्हे. हाच कॉटी गप्पीसारख्या बाहेरून सोडलेल्या माशांबरोबर हवाई बेटांवर पोहोचला आणि तिथल्या ओढ्यांतल्या मूळच्या माशांत शिरला. त्या माशांचा त्याच्याशी आधी कधीही संबंध आलेला नव्हता.

मासे हलवण्याने काय होते, याचे याहून मोठे उदाहरण युरोपातल्या ईलचे आहे. पूर्व आशियातल्या ईलच्या वाताशयात राहणारा अँग्विलिकोलॉइडिस क्रॅसस हा गोलकृमी जिवंत ईलच्या व्यापाराबरोबर १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात पोहोचला. आपल्या मूळच्या यजमानात तो फारसे नुकसान करत नाही, दोघांची ओळख हजारो वर्षांची. युरोपीय ईलला मात्र त्याला रोखण्याची सवय नव्हती. वाताशय जाड आणि निकामी होऊ लागले. अंडी घालण्यासाठी हजारो किलोमीटर समुद्र ओलांडणाऱ्या माशाचे वाताशय बिघडणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. १९९१ साली हंगेरीतल्या बालाटोन सरोवरात ईल मोठ्या संख्येने मेले, तेव्हा या कृमीकडे बोट दाखवले गेले. आज युरोपीय ईल अत्यंत संकटग्रस्त जातींच्या यादीत आहे. अतिमासेमारी, धरणे, प्रदूषण ही कारणे आहेतच, पण त्यांत या कृमीची भर पडली. त्याचाही मधला यजमान सायक्लॉप्सच्याच गटातला आहे. तो कृमी आणण्याचा कोणाचाही हेतू नव्हता. व्यापाऱ्यांनी फक्त मासे हलवले होते.

आपणही मासे हलवतो, आणि फार मोठ्या प्रमाणावर हलवतो. बंगालमधल्या नैहाटीच्या बाजारातून प्राणवायू भरलेल्या पिशव्यांत मत्स्यबीज देशाच्या कानाकोपऱ्यात जाते. शिंगी-मागूरचे बीज महाराष्ट्रात पुरेसे तयार होत नाही, म्हणून ते बाहेरून येते. पिशवी उघडताना शेतकरी पाण्याचे तापमान जुळवून घेतो, कारण तसे न केल्यास पिल्ले लगेच मरतात. पिल्लांच्या पोटात काय आहे हे तो पाहत नाही, कारण त्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत.

यात सर्वांत चिंतेची गोष्ट आफ्रिकन मागूरची आहे, ज्याला बाजारात थाई मागूर म्हणतात. क्लॅरियस गॅरिपिनस हा मूळ आफ्रिकेतला मासा अनधिकृत मार्गाने भारतात आला. झपाट्याने वाढतो, काहीही खातो, पाणी कितीही घाण असले तरी जगतो. केंद्र सरकारने त्याच्या पालनावर दोन दशकांहून अधिक काळ बंदी घातलेली आहे. राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर महाराष्ट्रातही मत्स्यव्यवसाय विभागाने तळी उपसून साठे नष्ट केले. तरीही तो बाजारात दिसतो. त्याच्याविरुद्ध बोलताना तो स्थानिक मासे खातो, त्याला कत्तलखान्यातला कचरा घालतात, हे मुद्दे येतात आणि ते खरेच आहेत. त्याच्या पोटातल्या कृमींबद्दल मात्र कोणी बोलत नाही. आफ्रिकेतल्या मागूरचे स्वतःचे कॅमॅलॅनिड कृमी आहेत. त्यांपैकी पॅराकॅमॅलॅनस सायाथोफॅरिंक्सचे वर्णन बेलिस यांनी इजिप्तमधल्या मागूरवरून १९२३ साली केले. नाईलच्या खोऱ्यातल्या माशांत सापडणारा प्रोकॅमॅलॅनसचा एक भाऊबंद तर वेडल यांनी १८६१ सालीच नोंदवला होता. आपला देशी मागूर त्याच क्लॅरियस वंशातला आहे. तो जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे. परका मागूर आणि देशी मागूर एकाच पाण्यात आले, तर ईलच्या बाबतीत जे झाले त्याची सगळी सामग्री इथे तयार आहे: एकाच वंशातले दोन मासे, त्यांतल्या एकाचे अनोळखी कृमी, आणि मधला यजमान म्हणून कोणत्याही डबक्यात मिळणारा सायक्लॉप्स. जप्त केलेला आफ्रिकन मागूर पुरण्याआधी प्रत्येक कारवाईत थोडे मासे कापून पाहण्याचा नियम करायला किती खर्च येईल? मला वाटते, जवळजवळ काहीच नाही.

इथे आपल्या विद्यापीठांच्या कामाचा विचार करावा लागतो, आणि तो आदराने करावा लागतो. माशांच्या कृमींवर भारतात पुष्कळ काम झाले आहे आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. कर्वे यांनी १९५२ साली शिंगीतल्या प्रोकॅमॅलॅनसच्या एका जातीचे वर्णन केले. मराठवाड्यात पुढे माशांतल्या पट्टकृमींच्या अभ्यासाची एक परंपराच उभी राहिली. मासळी बाजारातून मासा आणायचा, पोट उघडायचे, कृमी काढून रंगवायचा, काचपट्टीवर बसवायचा, चित्र काढायचे. या मेहनतीने आपल्या पाण्यात कोण कोण राहते याची यादी तयार झाली. ती नसती तर आज हा लेखही लिहिता आला नसता.

पण या कामाचे वळण चुकत गेले, असे माझे स्पष्ट मत आहे. नवी जात सांगितली की शोधनिबंध होतो, आणि शोधनिबंधावर पदवी, पदोन्नती अवलंबून असते. मग एकाच माशातल्या, एकाच वंशातल्या, मिलीमीटरच्या काही अंशाने वेगळ्या भरलेल्या कृमीला नवे नाव मिळू लागले. त्यातली कितीतरी नावे पुढच्या तपासणीत एकमेकांत विलीन करावी लागली. कित्येक वर्णनांचे मूळ नमुने कुठल्याही संग्रहालयात ठेवलेले नाहीत, त्यामुळे ते पुन्हा तपासताही येत नाहीत. जनुकीय क्रम तर आता आता कुठे नोंदले जाऊ लागले. नावे शेकडो झाली. कोणत्या तळ्यात, कोणत्या महिन्यात, शंभरातले किती मासे बाधित होते, आणि हेच त्याच तळ्यात दहा वर्षांपूर्वी किती होते, याचे उत्तर देणारी सलग नोंद मात्र दुर्मीळ आहे.

बाजारातून मासा आणून केलेल्या मोजणीतही मोठी उणीव असते. तो मासा कोणत्या पाण्यातला, हे सांगता येत नाही. दुसरे म्हणजे फार बाधित मासा बाजारापर्यंत येतच नाही, तो आधीच मेलेला किंवा बगळ्याने उचललेला असतो. याहून महत्त्वाचा मुद्दा क्रॉफ्टन यांनी १९७१ साली मांडला. परजीवी यजमानांमध्ये सारखे विभागलेले नसतात. बहुतेक माशांत शून्य किंवा एक-दोन कृमी असतात आणि थोड्या माशांत उरलेले सगळे. त्यामुळे पाच मासे कापून सरासरी काढली तर ती हमखास फसवते. साधे गणित पाहा. तळ्यातले शंभरात दहा मासे बाधित असतील, तर पाच मासे तपासून त्यातला एखादा तरी हाती लागण्याची शक्यता ४१ टक्के आहे, म्हणजे निम्म्याहून कमी. तीस मासे तपासले तर ती ९५ टक्क्यांवर जाते. कमी नमुन्यावर दिलेला ‘कृमी नाहीत’ हा दाखला म्हणूनच काही उपयोगाचा नसतो. उलट तो धोक्याचा ठरतो, कारण त्यावर विसंबून पुढची खेप सोडली जाते.

औषधाने हा प्रश्न सुटेल, असे ज्यांना वाटते त्यांनी शेळ्या-मेंढ्यांकडे पाहावे. जठरातल्या हिमॉंकस या रक्तपिपासू गोलकृमीवर एकेकाळी रामबाण ठरलेली औषधे जगभरात आणि आपल्याकडेही अनेक कळपांत निष्प्रभ होत गेली. कारण एकच: वजन न पाहता, तपासणी न करता, वारंवार दिलेली अर्धवट मात्रा. तीच औषधे आता माशांच्या खाद्यात मिसळली जाऊ लागली तर निकालही तोच लागेल. त्यातही आयव्हरमेक्टिनसारखे औषध अनेक माशांना आणि पाण्यातल्या कवचधारी जीवांना विषारी असते. जनावरांच्या दुकानातून आणून अंदाजे ओतण्याची ती वस्तूच नाही. पोटॅशियम परमँगनेट किंवा मीठ बाहेरच्या परजीवींना उपयोगी पडते, आतड्यातल्या कृमीपर्यंत ते पोहोचत नाही. गोळ्या देण्याआधी मासा कापून पाहणे हा पहिला उपचार आहे, आणि तो फुकट आहे.

राहिला माणसाचा प्रश्न. शिंगीतला लाल कृमी आपल्याला होत नाही, हे वर सांगितले. पण गोड्या पाण्यातल्या माशांत राहणारे सगळेच गोलकृमी इतके निरुपद्रवी नाहीत. नॅथोस्टोमा स्पिनिजेरम हा कृमी १८३६ साली रिचर्ड ओवेन यांनी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या वाघाच्या जठरातून वर्णिला. त्याचे पक्के घर कुत्र्या-मांजरांचे जठर असते. त्याच्याही अळीचा पहिला मुक्काम सायक्लॉप्समध्येच, दुसरा माशाच्या मांसात, आणि त्यात मागूर-मरळसारखे मासे येतात. असा मासा कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाल्ला तर अळी माणसाच्या त्वचेखाली फिरते, कधी डोळ्यात किंवा मेंदूत शिरते. थायलंड आणि जपानमध्ये हा आजार चांगलाच परिचित आहे, भारतातही काही रुग्णांची नोंद झालेली आहे. आपली शिजवण्याची पद्धत हे आपले मोठे संरक्षण आहे, आणि ते सोडू नये. कच्च्या माशाचे पदार्थ शहरांतल्या ताटात येऊ लागले आहेत. त्यासाठी गोड्या पाण्यातला मासा कधीही वापरू नये, एवढे साधे पथ्य तरी पाळायला हवे.

टाकलेल्या आतड्यांबद्दल चाड देशाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. तिथे नारू संपत आल्यासारखा वाटत असताना २०१२ पासून तो कुत्र्यांमध्ये मोठ्या प्रमाणावर सापडू लागला. मासेमारीच्या गावांत उघड्यावर टाकलेल्या माशांच्या आतड्यांवर संशय गेला, कारण अळ्या बाळगणारे जलचर खाऊन कुत्र्यांना तो होऊ शकतो. तेव्हापासून तिथे माशांची आतडी पुरायला सांगितले जाते. शंभर वर्षांहून अधिक काळ ओळखीचा असलेला कृमीही परिस्थिती बदलली की नवी वाट धरतो, हे यातून दिसले. आपल्याकडे तळ्याकाठी, आठवडी बाजारात आणि मच्छी मार्केटच्या मागे आतड्यांचे ढीग कुत्र्यांसाठी उघडेच पडलेले असतात. काही ठिकाणी तीच आतडी परत तळ्यात टाकतात, माशांना खाद्य म्हणून. एका माशाच्या पोटातले कृमी दुसऱ्याच्या पोटात पोहोचवण्याचा याहून सोपा उपाय सुचणार नाही. ही प्रथा ताबडतोब थांबली पाहिजे.

आता करण्याजोग्या गोष्टी. मत्स्यव्यवसाय विभागाने बाहेरच्या राज्यातून येणाऱ्या शिंगी, मागूर आणि पंगस या माशांच्या बीजाची नोंद सक्तीची करावी. प्रत्येक खेप पंधरा दिवस वेगळ्या टाकीत ठेवावी. अनुदान देताना तळे वाळवल्याची आणि चुना मारल्याची अट घालावी. आतडी पुरण्याची किंवा उकळून वापरण्याची अटही तिथेच असावी. यातले काहीही नव्या शोधावर अवलंबून नाही.

शेवटची विनंती जिल्ह्या-तालुक्यातल्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांना आहे. तुमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, विद्यार्थी आहेत आणि पाच-दहा किलोमीटरवर कोणाचे तरी शेततळे आहे. नवी जात शोधण्याचा मोह बाजूला ठेवून एकच तळे निवडा. दर तीन महिन्यांनी त्यातल्या तीस माशांची आतडी उघडा, किती बाधित आणि बाधिताच्या पोटात किती कृमी एवढेच दोन आकडे वहीत लिहा, पाण्याच्या एका नमुन्यातले सायक्लॉप्स मोजा, थोडे कृमी अल्कोहोलमध्ये जपून ठेवा, आणि हे काम पुढच्या वर्षीच्या वर्गाकडे सोपवा. ते आकडे तळ्याच्या मालकाला दाखवा आणि जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयालाही पाठवा. या पावसाळ्यात बीज सुटण्याआधी पहिली मोजणी झाली, तर पुढच्या वर्षी तुलना करायला निदान एक आकडा हाताशी असेल.